उधाणाची रेषा

समुद्र कुठे संपतो आणि गाव कुठे सुरू होतं, हे कोकणात कुणाला विचारावं लागत नव्हतं. उधाणाचं पाणी जिथवर येऊन काटक्या-शेवाळाची ओळ सोडून जातं, तिथे समुद्राची हद्द. गंमत म्हणजे कायद्यानेही पुढे हीच व्याख्या घेतली, फक्त तिला ‘उच्चतम भरती रेषा’ असं भारदस्त नाव दिलं.

सुरुवात एका पत्राने झाली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवलं की, भरतीच्या पाण्यापासून निदान ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. पण पत्राने बांधकामं थोडीच थांबतात? अखेर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी अधिसूचना निघाली. तिलाच आपण सीआरझेड म्हणतो. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद. जुन्या अधिकृत घरांची दुरुस्ती तेवढी करायची. आता कोळी, खारवी, गाबीत आणि आमचे दालदी यांची घरं असतात कुठे? याच २०० मीटरमध्ये! पोराचं लग्न झालं, एक खोली वाढवायची, तर कायदा आडवा. १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात त्यांना घर बांधता येईल, असं म्हणायला २०११ साल उजाडलं.

बड्यांची घाई मात्र लवकर ऐकली गेली. १९९४ मध्ये केंद्राने हवी तिथे सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. एप्रिल १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, हे बरं झालं.

पण भरतीची रेषा स्वतःच सरकते, त्याचं काय? धूप थांबवायला दगडी बंधारे घालायला कायद्याची ना नाही. बंधाऱ्यावर आपटलेली लाट मागे फिरताना पायाची वाळू ओढून नेते, आणि बंधारा संपतो तिथून पुढच्या वाडीची धूप सुरू होते. घर वाचतं, पुळण जाते. होडी ओढून ठेवायला तर पुळणच लागते.

२०११ च्या अधिसूचनेने सरकता किनारा आणि चढतं पाणी धरून ‘धोका रेषा’ आखायला सांगितलं होतं. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत ती रेषा राहिली, पण केवळ आपत्ती नियोजनापुरती. बांधकामाला तिची आडकाठी नाही. आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक माणसं असतील तिथे, ते २०० मीटर ५० वर आले.