असईच्या रणभूमीची साक्ष

असईच्या लढाईचे (२३ सप्टेंबर १८०३) उपलब्ध कागद बहुतेक जेत्यांचे. म्हणून जालना जिल्ह्यांतील ती भूमि हेंच आपलें मुख्य साधन होय. केळणेस उतार नाहीं, असें वाटाडे सांगत असतां दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें पाहून वेल्स्लीनें उतार असलाच पाहिजे असें ताडिलें. नैयायिकहि या अनुमानास मान डोलवतील! तो नदी उतरतांच पोलमननें शिंद्यांच्या पलटणींचें तोंड फिरविलें, तें केळणा व जुई यांमधील चिंचोळ्या पट्टींत. ही हालचाल किती अवघड, हें जागा पाहिल्यावांचून कळत नाहीं. गोलंदाज तोफांपाशींच पडले. इंग्रजांकडील सुमारें १,६०० माणसें मेलीं अथवा जखमी झालीं. स्मारकशिला बसविण्यापूर्वीं उतार व पट्टी यांची मोजणी होऊन दोन्ही राखलीं जावींत. नव्या रांगेची डावी बाजू असई गांवास टेकली होती. मोजणीस आरंभ तेथूनच करावा.