मोजपट्टीच्या अलीकडचा दरवाजा

सैन्यभरतीची शारीरिक चाचणी आपल्याकडे निःपक्षपाती कसोटी मानली जाते. वशिला इतरत्र चालेल, मैदानावर चालत नाही, ही पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या ग्रामीण तरुणांची श्रद्धा आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. भारतीय सैन्याच्या भरती मेळाव्यांत अनेक वर्षे चालत आलेली रीत अशी : १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्यास ६० गुण. आडव्या दांडीवर दहा वेळा शरीर वर खेचणाऱ्यास ४० गुण. नऊ फुटी चरावरून उडी आणि नागमोडी अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालणे यांना गुण नाहीत, मात्र तेथे चुकल्यास उमेदवार बाद. घड्याळ जात विचारत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारावाच लागतो : घड्याळापर्यंत पोहोचण्याची मुभा कोणाकोणाला होती?

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ त्याची साक्ष देतो. १८५७ नंतर मात्र भरतीचे तत्त्व बदलत गेले. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी ‘लढाऊ जमातीं’च्या कल्पनेला धोरणाचे बळ दिले. पुढे भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार माहितीपुस्तके निघाली. मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरील बेथम यांचे पुस्तक १९०८ चे. कोणत्या जातीचा, कोणत्या मुलखातला माणूस घ्यावा, त्याची शरीरयष्टी कशी, स्वभाव कसा, याचे वर्णन हा या पुस्तकांचा विषय. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा लेखनप्रकार अवश्य तपासावा. त्यात शरीराचे वर्णन आणि जातीविषयीचा ग्रह एकाच वाक्यात, एकाच शास्त्रीय सुरात येतात. कोठे निरीक्षण संपते आणि कोठे पूर्वग्रह सुरू होतो, हे वाचकाला कळू नये अशीच त्यांची घडण आहे. उंची आणि छाती मोजली जात होतीच. पण मोजायचे कोणाला, हे आधीच ठरलेले असे.

१८९०च्या दशकाच्या प्रारंभी महारांची भरती बंद झाली. सैन्यातून निवृत्त झालेले आणि ‘विटाळ विध्वंसन’ (१८८८) लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. या अर्जांचा आधार काय होता, हे पाहण्याजोगे आहे. पूर्वजांची सेवा, मूळचे क्षत्रियत्व, राजनिष्ठा असे युक्तिवाद त्यांत येतात. ‘आमच्या तरुणांना मैदानावर उभे करा आणि पारखा’ एवढे म्हणणे पुरेसे ठरणार नव्हते, कारण नकार देहाला नव्हताच. म्हणून वंशाच्या भाषेत दिलेल्या नकाराला वंशाच्याच भाषेत उत्तर द्यावे लागले. सत्ता केवळ दरवाजा बंद करत नाही, दार ठोठावण्याची भाषाही तीच ठरवते.

आणि मोजपट्टी तरी स्थिर असते काय? बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) वेळी ब्रिटनमधील औद्योगिक शहरांतले स्वयंसेवक मोठ्या प्रमाणावर अपात्र ठरले. त्या धक्क्यातून ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करणारी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९०४ मध्ये आला आणि पाठोपाठ शाळेतील जेवण (१९०६) व वैद्यकीय तपासणी (१९०७) यांचे कायदे झाले. पहिल्या महायुद्धात तर उंचीची अट महिन्यागणिक हलली. सप्टेंबर १९१४ मध्ये स्वयंसेवकांची गर्दी उसळताच ती ५ फूट ६ इंच झाली, नोव्हेंबरपर्यंत पुन्हा ५ फूट ३ इंचांवर उतरली. त्याहूनही ठेंगण्या पुरुषांसाठी बर्कनहेड येथे ‘बँटम’ पलटणी उभ्या राहिल्या. माणसे तीच होती. गरज बदलली होती.

महारांच्या बाबतीतही हेच घडले. १९१७ मध्ये मनुष्यबळाची निकड भासताच १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर, १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. पन्नास वर्षांत एकाच समाजाचे देह अपात्र, पात्र, पुन्हा अपात्र आणि पुन्हा पात्र ठरले. एवढ्या काळात देह बदलत नसतात.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, भरती सर्व वर्गांना खुली करण्याचे धोरण आले. तरीही उंचीचे निकष प्रदेशवार राहिले. दीर्घकाळ महाराष्ट्रातील सामान्य सैनिकासाठी १६८ सेंटिमीटर, पंजाब-हरियाणासाठी १७०, गुरख्यांसाठी १५७ अशी त्यांची मांडणी होती. शरीराचे भौगोलिक वैविध्य मान्य करणारी ही सवलत न्याय्य आहे. तिच्या मागे वसाहतकालीन वर्गीकरणाची सावलीही आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने सेवेची मुदत चार वर्षांची केली आणि पुढे कायम होणाऱ्यांचे प्रमाण कमाल २५ टक्के ठेवले. २०२३ पासून संगणकावरील परीक्षा आधी आणि मैदान नंतर, असा क्रम झाला. जातीच्या दरवाजाशी तिची बरोबरी करता येणार नाही. परंतु मैदानाच्या आधी काहीतरी असते आणि त्याची तयारी सर्वांना सारखी परवडत नाही, हे विसरूनही चालणार नाही.

कोणतीही कसोटी वाचताना तिच्यात कोण उत्तीर्ण झाले, एवढेच पाहून आपण थांबतो. रांगेतच नसलेल्यांची नोंद निकालपत्रात सापडत नाही. ती शोधायची तर वलंगकरांच्या आणि कांबळ्यांच्या अर्जांकडेच वळावे लागते.