मुंबईतील एकट्या माणसाचा बिऱ्हाडशोध : ऐपत आणि ओळख

१

मुंबईच्या घरटंचाईचा इतिहास आजवर बहुतांशी इमारतींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सरकारने किती चाळी उभारल्या, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने किती पाडल्या, एका खोलीत सरासरी किती माणसे राहत, या प्रश्नांची चर्चा विपुल झाली आहे. खोली शोधीत हिंडणारा माणूस मात्र या इतिहासात क्वचितच भेटतो. आणि तो एकटा असून त्याची मिळकत तुटपुंजी असली, तर बहुधा भेटतच नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. घरभाड्याचा इतिहास ज्या कागदाच्या आधारे लिहिला जातो तो कागद म्हणजे भाडेपावती. पावतीवर नाव एकाचे असे, आणि तिच्या आश्रयाने खोलीत निजणारे आठ-दहा जण असत. पावतीवर नाव नसलेल्या या माणसांचा शोध घेतल्यावाचून शहराच्या गृहेतिहासाचे चित्र पुरे होणार नाही.

प्रस्तुत लेखात सुमारे १८९६ ते १९७३ या काळातील अशा एकट्या माणसाच्या बिऱ्हाडशोधाचा विचार करावयाचा आहे. त्याच्यापाशी दोन गोष्टींची वाण होती : पैसा थोडा, आणि सोबत कोणी नाही. यांपैकी पहिली उणीव मुख्य व दुसरी गौण, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. उपलब्ध पुरावा मात्र निराळीच दिशा दाखवितो. मुंबईत जागा मिळविताना ऐपतीपेक्षा ओळख हेच मोठे भांडवल होते, आणि ज्यांच्यापाशी ओळख नव्हती त्यांना खिशातील पैशानेही दार उघडत नसे, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

आपल्या भाषेतही या वस्तुस्थितीची खूण उमटलेली आहे. 'बिऱ्हाड' या शब्दात बायकामुले, चूल, भांडीकुंडी यांचा अर्थ सहजच येतो. म्हणून बिऱ्हाड 'थाटले' जाते. एकटा पुरुष मात्र 'सडा' किंवा थोड्या उपहासाने 'सडाफटिंग'. तो बिऱ्हाड थाटीत नाही, तो पथारी टाकतो. एकट्या स्त्रीसाठी तर असा हलकाफुलका शब्दसुद्धा भाषेने ठेवलेला नाही.

२

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरणगाव वसले. येथे येणाऱ्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा सर्वांत मोठा होता. त्याखालोखाल सातारा व अन्य घाटमाथ्यावरील भागांतून लोक येत. शेतीचा तुकडा, वृद्ध आईबाप व बायको गावी ठेवून पुरुष एकटाच शहरात येई. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या जेमतेम सव्वापाचशे होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुटुंबाविना राहणाऱ्या पुरुषांचे शहर म्हणूनच तत्कालीन मुंबईकडे पाहिले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि शहरातील दाट वस्तीचा प्रश्न सरकारला प्रथमच प्राणभयाच्या रूपाने दिसला. १८९८ च्या कायद्यान्वये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी चाळीही बांधल्या. तथापि आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या अपुऱ्या पडल्या. उठविलेली माणसे शेजारच्याच चाळींतून दाटीवाटीने शिरली. नव्याने येणाऱ्या एकट्याला जागा अधिकच दुर्मिळ झाली.

३

असे असूनही बोटीतून उतरलेला कोकणी तरुण पहिल्या रात्री बहुधा रस्त्यावर निजत नसे. तो कोठे जाई? खोली शोधण्यास तो मुळी निघतच नसे. त्याच्यापाशी गाववाल्याचा पत्ता असे, आणि तो पत्ता 'गावाच्या खोली'चा असे. एकाच गावच्या वा वाडीच्या लोकांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावयाची, भाडे माणशी वाटून द्यावयाचे, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक व एक वळकटी भिंतीशी ठेवावयाची, ही गिरणगावातील सर्वपरिचित पद्धत होती. अशा एका गाळ्यात वीस-तीस माणसे सहज राहत. सगळी एका वेळी खोलीत नसत म्हणूनच हे शक्य होई. रात्रपाळीवरचा मनुष्य परतला की दिवसपाळीवाल्याने गुंडाळलेल्या जागेवर तो आपली पथारी पसरी. उन्हाळ्यात गॅलरी, गच्ची व पदपथ हे खोलीचेच विस्तार ठरत. पावसाळ्यात मात्र सारा भार आत येई.

या व्यवस्थेत भाड्याखेरीज आणखी एक मोल द्यावे लागे. गावमंडळाची वर्गणी, देवाच्या उत्सवाची पट्टी, नव्या येणाऱ्यास जागा करून देण्याचे बंधन आणि वडीलधाऱ्यांचा धाक, हे सारे त्या मोलात येई. कोणी दारूच्या नादी लागला वा गावी पैसे धाडीनासा झाला, तर ती वार्ता गावी पोचण्यास फार दिवस लागत नसत. नोकरी गेली असता दोन-तीन महिने त्याचे भाडे इतरांनी सोसावे, हाही त्याच व्यवहाराचा भाग होता. गावाची खोली हे निवासस्थान होते, तसाच तो विमाही होता.

दुसरा मार्ग गिरणीतील मुकादमाचा, म्हणजे जॉबरचा. कामगार भरती करणे त्याच्या हाती असल्यामुळे काम, कर्ज व निजण्याची जागा या तिन्ही गोष्टी अनेकदा त्याच्याच द्वारे मिळत. येथे ओळख होती, पण ती मिंधेपणाची. तिसरा मार्ग खानावळीचा. एखाद्या कामगाराची पत्नी वा विधवा आपल्या खोलीत दहा-पंधरा जणांचा दोन वेळचा स्वयंपाक करी आणि त्यांतील काहींना तेथेच आसरा मिळे. महिनाअखेरीस पगार होईपर्यंत ती उधारीवर जेवू घाली. स्वतः मात्र वाण्याकडून व सावकाराकडून उधारीवरच सामान भरी. या खानावळवाल्या स्त्रियांची संघटना म्हणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभे राहिले.

गोमंतकीय ख्रिस्ती लोकांच्या 'कूड' या संस्थेचा निर्देश याच संदर्भात केला पाहिजे. धोबीतलाव, माझगाव या भागांत एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या या वसतिस्थानांत जहाजावरील खलाशी, आचारी, वाजंत्री व घरकामगार अल्प वर्गणीत राहत. बोटीवर बोलावणे येईपर्यंत महिनोन् महिने वाट पाहणाऱ्या खलाशास दुसरा आसराच नव्हता. भिंतीशी मांडलेल्या ट्रंका, एका बाजूस वेदी, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना व गावच्या फेस्ताची वर्गणी, असा तेथील क्रम होता. धर्म व भाषा निराळी, परंतु रचना गिरणगावातील गावाच्या खोलीचीच.

४

ओळखीच्या या भांडवलाचे मोल आकड्यांतूनही जाणवते. सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेला तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. तीत २,४७३ कुटुंबांचे व ६०३ एकट्या पुरुषांचे जमाखर्च तपासले होते. एकट्या माणसास स्वतंत्र गट म्हणून मोजले जाण्याचा हा महत्त्वाचा प्रसंग होय. पाहणीतील कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. पण त्यांच्या एकूण खर्चात घरभाड्याचा वाटा ७.७ टक्क्यांहून अधिक नव्हता. निम्म्याहून जास्त पैसा अन्नावर जाई. हा वाटा लहान दिसतो तो जागा स्वस्त व मुबलक होती म्हणून नव्हे. खोलीत माणसे वाढवून भाडे विभागले जाई, आणि १९१८ पासून भाडेनियंत्रणाचा कायदाही अमलात होता. म्हणजे भाडे परवडण्याजोगे होई ते सोबत्यांच्या बळावर. ज्याला सोबती नाहीत, त्याला तेच भाडे आवाक्याबाहेरचे.

याच काळात घडलेला एक सरकारी प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ऐंशी खोल्या. घरटंचाईने गांजलेल्या शहरात या खोल्यांवर उड्या पडावयास हव्या होत्या. पण वरळीच्या बऱ्याच खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या आणि १९३० नंतरच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांतील काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. गिरण्यांपासूनचे अंतर, सोयींचा अभाव, सुरुवातीचे अधिक भाडे व गिरणीधंद्यातील मंदी ही त्याची कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्या जोडीस आणखी एक कारण धरले पाहिजे. तेथे वाणी उधार देत नव्हता, खानावळ नव्हती, मुकादम व गाववाले जवळ नव्हते. सरकारने भिंती बांधल्या होत्या. ज्या नात्यागोत्यांच्या बळावर गरीब माणूस भाडे भरीत असे, ती नाती तेथे नव्हती. पुढे भाडी उतरली, वस्ती जमली, आणि याच चाळी गावमंडळांनी गजबजून गेल्या.

५

ओळखीवर चालणारी व्यवस्था ज्यांना आपले मानते त्यांना सांभाळते. ज्यांना मानीत नाही त्यांना ती पैशाने शिरू देत नाही. याचा सर्वांत स्पष्ट लेखी पुरावा मुंबईबाहेर घडलेल्या, पण मुंबईच्याच एका रहिवाशाच्या अनुभवात आहे. १९१७ साली अमेरिका व इंग्लंड येथील शिक्षणानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. पदवी होती, नोकरी ठरलेली होती. राहावयाचे कोठे हाच प्रश्न होता. हिंदू खानावळी अस्पृश्यास घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव धारण करून, राहण्याजेवण्याचे रोजचे दीड रुपया देण्याचे ठरवून, जागा मिळविली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना त्याच दिवशी जागा सोडण्यास बजावले. संस्थानाच्या बंगल्यासाठी केलेली विनंती मुदतीत फळास आली नाही. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारणा केली, दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. सायंकाळपर्यंत कमाठी बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या टिपणांत हा वृत्तांत आला आहे. ती १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली.

येथे ऐपतीचा प्रश्नच उद्भवला नव्हता. मागितलेले भाडे देण्यास भाडेकरू सिद्ध होता आणि धर्मशाळेत दुसरा पाहुणाही नव्हता. मुंबईत मात्र याच कुटुंबाने परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या होत्या आणि १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड तेथे होते. ट्रस्टच्या कारभारात दोष पुष्कळ होते. तथापि सार्वजनिक संस्था घरमालक झाली असता तिच्या दारी ओळखीवाचूनही जाता येते, ही गोष्ट या उदाहरणावरून लक्षात घेण्याजोगी आहे. बडोद्याचा प्रसंग एकाकी नव्हता याची साक्ष साहित्यही देते. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा विषय परगावी नोकरीस गेलेल्या दलित तरुणाचा निवारा हाच आहे.

एकट्या स्त्रीची अवस्था याहून निराळ्या प्रकारे बिकट होती. १९२० नंतरच्या दशकात गिरणीकामगारांत सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या; पण गावाची खोली ही पुरुषांची खोली होती. विधवा वा परित्यक्ता स्त्रीस नातेवाइकांच्या खोलीचा कोपरा धरावा लागे, किंवा स्वतःच खोलीची धनीण होऊन खानावळ चालवावी लागे. म्हणजे शेकडो एकट्या पुरुषांना जिने आसरा दिला, तिला स्वतःला एकटी भाडेकरू म्हणून जागा मिळणे दुरापास्तच होते. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांसाठी केंद्र सरकारची योजना १९७२-७३ मध्ये सुरू झाली.

६

कायद्याने या परिस्थितीत कोणता पालट केला? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाड्याव्यतिरिक्त पागडी घेणे घरमालकास व भाडेकरूसही निषिद्ध ठरविले, तसेच पोटभाडेकरू ठेवण्यासही बंदी केली. ज्याच्या नावे पावती होती त्यास या कायद्याने मोठेच संरक्षण दिले. नव्याने येणाऱ्यास मात्र भाडे स्वस्त, पण पागडी अवाच्या सवा, असा अनुभव आला. बेकायदा ठरलेली पागडी नाहीशी झाली नाही, ती केवळ पावतीबाहेर गेली. अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली.

१९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवानाधारक म्हणून राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. परंतु ही जागा निदान एका खोलीएवढी असावी, अशी अट होती; शिवाय घरात ठेवलेला पेइंग गेस्ट तसेच वसतिगृहात राहणारा मनुष्य परवानाधारकाच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे पथारीपुरती जागा घेणारा एकटा मनुष्य कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. उलट, आत घेतलेला परका पुढे खोलीवर हक्क सांगेल ही धास्ती जागामालकांच्या मनात बळावली आणि ओळखीचे महत्त्व आणखी वाढले.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, मुंबईत अल्प मिळकतीचा एकटा मनुष्य तगला तो स्वस्त घरांमुळे नव्हे, तर एकटेपण वाटून घेणाऱ्या संस्थांमुळे. या संस्थांचे गुणगान करताना त्यांच्या दाराशी कोण अडविले गेले हेही सांगितले पाहिजे; कारण आतल्यांचा आधार आणि बाहेरच्यांचा अडसर ही एकाच ओळखीची दोन रूपे होती. आजही एकट्या भाडेकरूस भाड्याआधी जात, धर्म, आहार व वैवाहिक स्थिती विचारली जाते, त्याचे मूळ या इतिहासात शोधता येईल.

या संशोधनाची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. गिरण्या बंद पडल्या, अनेक चाळी पाडल्या जात आहेत, वरळी-नायगावच्या चाळींचाही पुनर्विकास चालू आहे. पुनर्विकासाच्या यादीत पावतीवरील नाव राहते. खोलीत निजून गेलेल्यांचे राहत नाही. त्यांचा माग लागलाच तर तो गावमंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत, कुडींच्या नोंदपुस्तकांत व खानावळींच्या उधारीच्या चोपड्यांत लागेल. चाळी रिकाम्या होण्यापूर्वी ही दप्तरे मिळवून जतन करणे हे इतिहास-विभागांचे तातडीचे काम आहे.