लाटा मोजणारे यंत्र तळाशी सोडण्यापूर्वी: सेटिंग कशी ठरवायची?

हैदराबादच्या 'इन्कॉईस'कडून उंच लाटांचा इशारा आला की गोवा-कारवारचे मच्छीमार सावध होतात. असा अंदाज बरोबर निघाला का, हे तपासायला समुद्रात प्रत्यक्ष मोजलेल्या लाटा लागतात. त्या मोजणारे एक यंत्र तळाशी ठेवतात. ते वर ध्वनी सोडते आणि पृष्ठभागावरून प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढते. तिरप्या ध्वनिझोतांवरून दिशा कळते.

जोडीला दाबमापक असतो, पण खोल पाण्यात तो एकटा पुरत नाही. 5 सेकंदांच्या लाटेचा दाब 20 मीटर खोल तळाशी जेमतेम 8 टक्के उरतो.

यंत्र एकदा बुडवलं की पावसाळाभर हात लावणं कठीण. बॅटरी ऑगस्टमध्येच संपली तर पुढचा हंगाम कोरा. म्हणून आधीच जमाखर्च मांडावा लागतो.

नोंदीचा वेग: सेकंदाला 2 नोंदी घेतल्या तर 4 सेकंदांच्या आखूड लाटेवरही 8 बिंदू मिळतात. नेहमीच्या कामाला तेवढे चालतात.

एका वेळी किती मिनिटे: या वेगाने 2048 नोंदींना सुमारे 17 मिनिटे लागतात. तेवढ्यात 5 सेकंदांच्या लाटा 200 येतात, पण दुरून येणाऱ्या 14 सेकंदांच्या लांब लाटा फक्त 73. लाटांची उंची सांगताना सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी धरतात. म्हणजे हिशेबाला उरल्या 24च! लांब लाटा महत्त्वाच्या असतील तर 4096 नोंदी, म्हणजे 34 मिनिटे घ्यावीत.

किती अंतराने: जून ते सप्टेंबर 122 दिवस होतात. दर तासाला 17 मिनिटे मोजा की दर 2 तासांनी 34 मिनिटे, एकूण नोंदी सारख्याच, सुमारे 60 लाख. बॅटरीचा खर्चही जवळपास तेवढाच. मग निवड कशावर? वादळाचा चढउतार टिपायचा असेल तर दर तासाला. लांब लाटांचा अभ्यास असेल तर दर 2 तासांनी, पण जास्त वेळ. बॅटरी कमीच पडत असेल तर अंतर वाढवावं, मिनिटं कापू नयेत. मोजणी तोकडी झाली तर प्रत्येकच आकडा डळमळीत होतो.

घड्याळ: भारतीय वेळ लावली की जागतिक, हे लिहून ठेवावं. साडेपाच तासांचा घोळ झाला तर भरती-ओहोटीशी मेळच बसत नाही.