आसनांचा वाटा आणि निष्ठेचा हक्क

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी माणसास कब्बन पार्कच्या कडेचे चिन्नास्वामी क्रीडांगण परिचयाचे व्हावयास फार दिवस लागत नाहीत. सामन्याच्या दिवशी त्या बाजूचे रस्ते माणसांनी भरून जातात, आणि त्यांतील कित्येकजण आत जाणारे नसतातच. हजारांच्या घरातले तिकीट ज्यांना परवडत नाही, किंवा परवडूनही मिळत नाही, अशी ही मंडळी संघाच्या रंगाचे सदरे घालून भिंतीबाहेर उभी राहतात आणि आतून येणाऱ्या गर्जनेवरून खेळाचा अदमास बांधतात. कारकुनाच्या पगाराचा हिशेब मांडला तर मीही त्यांच्यातलाच एक. त्यांच्याकडे पाहिले की मुंबईच्या क्रिकेटमधील एक जुना वाद मला आठवतो. तो वाद खेळाविषयी नव्हता. बसावयाच्या जागेविषयी होता.

मुंबईत युरोपियन व पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामने १८९२ साली सुरू झाले. १९०७ साली हिंदू संघ आल्यावर ते तिरंगी झाले व १९१२ साली मुसलमान संघ आल्यावर चौरंगी. हे सामने मुंबई जिमखान्याच्या मैदानावर होत. जिमखाना युरोपियनांचा, हिंदी माणूस तेथे खेळाडू म्हणून मैदानात उतरे, पण सभासद म्हणून त्यास दार बंद असे. स्वजनांच्या घरीही दारे सर्वांना सारखी उघडी होती असे नव्हे. हिंदू संघास आपल्या गोलंदाजीने तारणाऱ्या बाळू पालवणकरांना त्यांच्या जातीमुळे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांच्या वाट्यास आले. मैदानातील पराक्रम एक आणि आवारातील हक्क दुसरा, हा भेद असा प्रारंभापासूनच होता.

१९३७ साली चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले. त्याची मालकी १९३३ साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे होती. आता खेळाभोवती पक्क्या भिंती आल्या, पायऱ्यापायऱ्यांची आसने आली. आणि आसने आली की त्यांची वाटणीही आलीच. त्याच वर्षी ‘रेस्ट’ हा पाचवा संघ घेऊन स्पर्धा पंचरंगी व्हावयाची होती. परंतु आपल्या वाट्यास आलेल्या जागा अपुऱ्या आहेत, या कारणावरून हिंदूंनी त्या वर्षी अंगच काढून घेतले. पंचरंगीच्या पहिल्या वर्षी रंग चारच राहिले.

आज हे वाचून हसू येते. जागांसाठी का कोणी खेळ सोडतो? परंतु क्लब आणि जिमखाना यांचा व्यवहार ध्यानात घेतला की त्यातील मर्म कळते. वर्षभर वर्गणी भरणारा सभासद ती केवळ चहापानासाठी भरत नाही. मोसमात आपली जागा निश्चित राहील, या भरवशावर भरतो. ज्या संस्थेजवळ जागा अधिक, तिच्या सभासदत्वाचे मोल अधिक. ज्याने द्रव्य खर्चून वास्तू उभारली तो म्हणणार, पहिला हक्क माझ्या सभासदांचा. ज्यांच्या संघासाठी गर्दी लोटते ते म्हणणार, आमच्यावाचून तुमची वास्तू ओस पडेल. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. मात्र ज्याच्या नावावर कोठलीच वर्गणी जमा नव्हती, त्या गिरणगावातल्या किंवा गिरगावातल्या प्रेक्षकास या वाटाघाटीत स्थान नव्हते.

हिंदू पुढल्या वर्षी परतले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या. त्यास उत्तर देताना ‘रेस्ट’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांनी केल्या. जातवार संघ करून खेळण्यास गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात वर्धा येथे आपला विरोध स्पष्टपणे सांगितला होता. तरी स्पर्धा १९४६ च्या आरंभापर्यंत टिकली आणि मग कायमची थांबली.

स्पर्धा गेली, पण आसनांचा वाद गेला नाही. सामने भरविणारी मुंबई क्रिकेट संघटना आणि क्रीडांगणाची मालक असलेली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांच्यात तिकिटांच्या वाट्यावरून वर्षानुवर्षे धुसफूस चालली होती. १९७३ साली ती विकोपास गेली. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने, ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सुमारे वर्षभरात दुसरे स्टेडियम उभे राहिले. ब्रेबॉर्नवर त्यानंतरचा कसोटी सामना २००९ च्या डिसेंबरात झाला. तिकिटांच्या भांडणापायी एक सुंदर मैदान छत्तीस वर्षे कसोटीवाचून राहिले!

योगायोग असा की, १९७४-७५ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतील पहिला सामना बंगळुरास झाला व शेवटचा वानखेडे स्टेडियमवर. दोन्ही मैदानांची ती पहिलीच कसोटी. मुंबईस क्लाइव्ह लॉईड यांचे द्विशतक पुरे होताच एक प्रेक्षक अभिनंदनासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्यास बदडले, आणि प्रेक्षक खवळून उठले. पाहुण्याच्या पराक्रमाने ज्याचे हृदय भरून आले, त्याचे नव्या वास्तूने केलेले हे पहिले स्वागत. पुढे २०११ साली याच मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे ३३,००० जागांपैकी सामान्यांच्या विक्रीस अवघी चारेक हजार तिकिटे आली. बाकीच्यांतील बहुतेक संलग्न क्लब आणि क्रिकेटच्या संस्था यांच्याकडे गेली. वाट्यासाठी भांडून जे घर बांधले, त्या घरातही बाहेरचा बाहेरच राहिला.

बंगळुरात याच प्रश्नाचे रूप अधिक दारुण झाले. येथील संघ २००८ पासून खेळतो. अठराव्या मोसमापर्यंत त्यास अजिंक्यपद मिळाले नव्हते, तरी त्याच्या पाठीराख्यांनी त्यास अंतर दिले नाही. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेस ते मिळाले. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी क्रीडांगणात समारंभ ठरला. प्रवेश मोफत, पण पास मर्यादित. जागा सुमारे ३५,०००, आणि लोटलेली माणसे लाखांनी. दारांशी चेंगराचेंगरी होऊन अकराजणांचा अंत झाला. दाराशी दाटलेल्या त्या गर्दीत आयुष्यात कधी आतले आसन न लाभलेले कितीतरी असतील. एरवी पैशाने बंद असणारे दार एका दिवसापुरते उघडेल, एवढ्याच आशेने ते धावले असतील.

सभासदांच्या पैशावाचून क्रीडांगणे उभी राहत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. आगाऊ रक्कम भरून संपूर्ण मोसमाचे तिकीट घेणारा हा जय-पराजय ठाऊक नसतानाच आपला शब्द देतो. त्याची निष्ठाही खरीच. परंतु आम्हा कारकुनांना जमाखर्चाची एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वहीत नोंद झाली नाही म्हणून देणे फिटत नाही. भिंतीबाहेरच्या माणसाची निष्ठा कोणत्याच पावतीवर चढत नाही. तरी तिच्याच बळावर संघास नाव मिळते आणि आतल्या आसनास किंमत येते. प्रत्येक सामन्याच्या काही जागा अल्प दराने, आधी जाहीर करून, सर्वांसाठी राखून ठेवणे हा त्या माणसावर उपकार ठरणार नाही. ती जुन्या देण्याची, फार उशिरा केलेली, पहिली फेड ठरेल.