काशीचे मराठी घाट

पहाटे अस्सी घाटावर नावेत बसावे आणि प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघावे. डाव्या हाताला काशी नगरी एकेक घाट उलगडीत सामोरी येते, आणि भिंतींवर रंगविलेली नावे वाचता वाचता मराठी माणूस थोडा चकित होतो. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट. राजा घाट म्हणजे अमृतराव पेशव्यांचा घाट. दशाश्वमेधाचे बांधकाम पेशव्यांचे, पंचगंगेच्या पायऱ्यांचा जीर्णोद्धार साताऱ्याच्या श्रीपतराव प्रतिनिधींचा. हे शहर केव्हातरी मराठ्यांच्या राज्यात असले पाहिजे, असे कोणासही वाटेल. वस्तुतः काशीवर मराठ्यांचा अंमल कधीच बसला नाही. पेशव्यांना काशी आणि प्रयाग यांची आस होती. ती अखेरपर्यंत आसच राहिली. काशी अयोध्येच्या नबाबाच्या छत्राखाली होती आणि १७७५ च्या तहाने ती इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. परक्याच्या गावात जागा विकत घ्यावी, परवानगी मिळवावी, द्रव्य पाठवावे आणि तेथील लोकांच्या उपयोगासाठी नदीचा काठ बांधून द्यावा, असा हा प्रकार आहे. आपल्या इतिहासात लढायांची वर्णने विपुल आहेत. या कामाकडे मात्र आपण धर्मकृत्य म्हणून एक नमस्कार करतो आणि पुढे जातो. ते नगररचनेचेही काम होते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

प्रथम नदीकडे पाहू. दक्षिणपूर्वेस वाहणारी गंगा येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरवाहिनी होते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेस, कंकरमिश्रित मातीचा उंच कडा आहे. त्यावर शहर वसले. पाण्याचा जोर आणि खोली याच काठाशी. पलीकडचा काठ सखल, वाळूचा, दरवर्षी पुराखाली जाणारा. म्हणून तेथे वस्ती झाली नाही आणि अलीकडच्या काठाला उगवत्या सूर्यासमोर मोकळे क्षितिज मिळाले. काशीच्या घाटांची शोभा अर्धी या रिकाम्या काठाची आहे.

परंतु ही शोभा सुखासुखी मिळालेली नाही. काशीला गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर मानतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरांवर गेले होते. उन्हाळ्यात तीच नदी याच्या खाली दहा मीटरांहूनही अधिक उतरलेली असते. तीन-चार मजली घराएवढी वर-खाली होणारी ही नदी. तिच्या काठी शहराने बसावे कसे?

यास दोन उत्तरे संभवतात. एक म्हणजे भिंत घालणे आणि पाण्याला सांगणे की येथवर ये, पुढे येऊ नकोस. दुसरे उत्तर काशीचे. तेथे काठाची रेषाच ठरविलेली नाही. पन्नास, साठ, कोठे शंभर पायऱ्या. त्यांपैकी ज्या पायरीला आज पाणी लागेल तो आजचा काठ. चैत्रात स्नान करणारा जेथे उभा राहतो ती जागा श्रावणात नावेच्या तळाखाली असते. घाटावरचे घाटिये आपले लाकडी तख्त आणि बांबूची छत्री पाण्याबरोबर वर चढवितात, पाण्याबरोबर खाली उतरवितात. त्यांना पातळीचे मोजमाप निराळे ठेवावे लागत नाही.

मराठ्यांनी ही पद्धत शोधून काढली असे नाही. पायऱ्या आणि मातीचे घाट पूर्वीही होते. त्यांनी त्यांना पक्क्या दगडाचा आकार दिला. हा दगड चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगाला गंगेच्याच काठी असल्यामुळे नदीनेच तो वाहून आणला. ठिकठिकाणी पाण्यात शिरलेले अष्टकोनी किंवा गोल बुरूज दिसतात, त्यांच्या माथ्यावर माणसे बसलेली असतात. पाहणाऱ्यास ती शोभा वाटते. पण पुराच्या धारेचा पहिला मार तेच घेतात. घाटामागचे वाडे पाहा. भोसल्यांचा वाडा घ्या, किंवा नागपूरकरांचे कारभारी श्रीधर नारायण मुनशी यांनी बांधलेला आणि पुढे दरभंग्याच्या महाराजांकडे गेलेला वाडा घ्या. खालची भिंत किल्ल्यासारखी भरीव. खिडक्या, सज्जे, कमानी सगळ्या वर, पुराच्या आवाक्याबाहेर. नदीला जेथवर यायचे आहे तेथवर तिला येऊ द्यावे आणि त्याच्या वर आपण राहावे, एवढा साधा हिशेब त्यात आहे.

या साऱ्या काठाचा एक नकाशा कोणी काढला नव्हता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत स्थायिक झालेले नारायण दीक्षित पाटणकर हे पेशवे घराण्यास पूज्य होते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागाशी त्यांचे नाव निगडित आहे आणि तेथे मराठी वस्तीही वाढली. १७३५ साली बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस आल्या, तेव्हा या शहराकडे पुण्याचे लक्ष अधिकच वेधले गेले. पुढे अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे देऊळ उभारले, मणिकर्णिकेचा घाट दुरुस्त करविला. पंचगंगेवरील हजार दिव्यांची दगडी दीपमाळही त्यांचीच मानतात. कोणी पुण्यासाठी बांधले, कोणी नावासाठी, कोणी पराभवानंतर राहण्यास जागा हवी म्हणून. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीअप्पा येथेच राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका येथेच जन्मली. पुढे ती झाशीची लक्ष्मीबाई झाली. तिचे माहेरचे नाव एका घाटाचे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते?

सगळेच काही साधले असे मात्र नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेलगत एक प्रचंड घाट बांधावयास घेतला. तो काशीतला सर्वांत भव्य घाट व्हायचा होता. पण दगडाचे ओझे काठाच्या मातीस पेलले नाही. बांधकाम खचले, बुरूज कलंडले. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत ते भग्न बुरूज तसेच पाण्याशी झुकलेले दिसतात. विसाव्या शतकात घाट पुन्हा बांधला गेला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ अजूनही तिरपे उभे आहे. आईच्या ऋणातून मुक्त झालो असे मुलगा म्हणाला आणि देऊळ कलले, अशी कथा नावाडी सांगतात. कथा सुंदर आहे. पण त्या देवळाचा गाभारा वर्षाचे कित्येक महिने पाण्यात असतो, आणि पायाखालची माती काय करते आहे हे जाणण्यास कथेची गरज नाही. राजाची संपत्तीसुद्धा नदीकाठाशी हट्ट करू शकत नाही, हे शिंदे घाटाने शंभर वर्षे उघड्यावर मांडून ठेवले होते.

या घाटांची दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. घाटाला धन्याचे नाव आहे, पण पायऱ्यांना धनी नाही. वाडा राजाचा, वाड्याखाली धोबी कपडे आपटतो, मल्लाह नाव दुरुस्त करतो, आखाड्यातला पोर मुद्गल फिरवितो, विधवा बाई जप करते, मणिकर्णिकेवर डोंब चिता रचतो. एका बाजूस मृत्यू आणि चार पावलांवर पतंग उडविणारी मुले. संस्थाने १९४८ नंतर विलीन झाली, वाडे विश्वस्तांकडे गेले, दरभंग्याच्या वाड्यात आता हॉटेल आहे. पायऱ्या मात्र तशाच सर्वांच्या राहिल्या. कोणत्याही घाटावर कोणीही यावे आणि बसावे, हा हक्क कागदावर लिहिलेला नसूनही टिकला.

अलीकडे आपल्या देशात नदीकाठ सुधारण्याचे मोठे उद्योग चालले आहेत. अहमदाबादेस साबरमतीच्या दोन्ही काठांना २००५ पासून भिंती बांधून नदीची रुंदी सर्वत्र २६३ मीटर करण्यात आली आणि पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी सोडले गेले. साबरमती वर्षातून बराच काळ कोरडी असे, तेव्हा तेथील अडचण निराळी होती. आज संध्याकाळी तेथे शहर फिरावयास येते, हेही खरे. पण काठावर राहणारी हजारो कुटुंबे उठून दूर गेली, आणि नदीचा वर-खाली होण्याचा स्वभाव त्या रचनेत कोठे उरला नाही. काशीतही बदल होत आहेत. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथाच्या देवळापासून ललिता घाटापर्यंतचा प्रशस्त मार्ग खुला झाला. तेथे अहिल्याबाईंचा पुतळाही बसविला आहे. यात्रेकरूंची सोय मोठी झाली, यात शंका नाही. त्यासाठी शेकडो घरे आणि गल्ल्या गेल्या, आणि त्या गल्ल्यांतून घाटाकडे रोज उतरणारी माणसेही पांगली. त्याच वर्षी उन्हाळ्यात पलीकडच्या वाळूत एक लांबलचक कालवा खणला गेला होता. पावसाळ्यात गंगेने तो बुजवून टाकला.

पाण्याची शुद्धी हा तर आणखी मोठा प्रश्न. १९८६ साली गंगा शुद्धीकरणाच्या योजनेचा आरंभ काशीच्याच घाटावर झाला. तुळसी घाटावर राहणारे संकटमोचनाचे महंत वीरभद्र मिश्र हे हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापक होते. पाण्यात काय मिसळले आहे ते प्रयोगशाळेत मोजीत आणि त्याच पाण्यात रोज स्नान करीत. २०१३ साली ते निवर्तले.

मी एकदा आश्विनात, पूर ओसरल्यावर, काशीस गेलो होतो. घाटांवर कमरेइतका गाळ साचला होता. माणसे पंपाने नदीचेच पाणी ओढून त्याच्या धारेने तो गाळ पुन्हा नदीत लोटीत होती. एकेक पायरी मोकळी होत होती. दिवाळीपर्यंत हे काम चालते, असे त्यांतला एकजण म्हणाला. दर वर्षी? मी विचारले. त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि धार पुढच्या पायरीवर वळविली.