अंदमान : कॅमेऱ्यासाठी कुठे जावे आणि कुठे तो बंद ठेवावा

बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्र यांच्या दरम्यान उत्तर-दक्षिण पसरलेल्या अंदमान-निकोबार द्वीपसमूहात लहानमोठी बेटे व खडक मिळून ८३६ भूभाग आहेत. त्यांपैकी मोजक्याच बेटांवर मनुष्यवस्ती आहे आणि त्याहून कमी बेटे पर्यटकांना खुली आहेत. निकोबार गट पर्यटनासाठी बंद असल्याने प्रवाशांचा वावर अंदमानपुरताच राहतो. निळे पाणी, पांढरी वाळू आणि किनाऱ्याला भिडलेले सदाहरित अरण्य यांमुळे छायाचित्रणाची आवड असलेल्यांचा ओढा इकडे असतो. मात्र येथील छायाचित्र सूर्याची वेळ, भरती-ओहोटी आणि कायदा या तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्यांची माहिती नसेल तर हाती काही लागत नाही, आणि काही ठिकाणी तर गुन्हा घडतो.

नावे आणि घड्याळ

मागील काही वर्षांत येथील अनेक नावे बदलली. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेट स्वराज द्वीप, नील बेट शहीद द्वीप आणि रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव श्रीविजयपुरम असे करण्यात आले. बोलण्यात जुनी नावेही रूढ असल्याने दोन्ही ठाऊक असलेली बरी.

दुसरी बाब घड्याळाची. अंदमान मुंबईच्या पूर्वेस सुमारे २० रेखांश आहे. प्रमाणवेळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे येथील सूर्य मुंबईच्या तुलनेत सुमारे ८० मिनिटे आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर मे महिन्यात पहाटे पाचपूर्वीच उजाडते. मुंबई-पुण्याच्या सवयीने सहा वाजता किनाऱ्यावर पोहोचणाऱ्याला केवळ अंधार भेटतो.

राजधानी आणि परिसर

सेल्युलर जेल हे अंदमानातील सर्वाधिक परिचित स्थळ. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखा मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्या होत्या. आज तीन उरल्या आहेत. प्रत्येक शाखेच्या कोठड्यांसमोर पुढील शाखेची पाठ येत असल्याने कैद्यांना एकमेकांची तोंडेही दिसत नसत. लांब ओसरीत ओळीने येणाऱ्या कमानी आणि त्यांतून तिरपा शिरणारा सकाळचा उजेड ही रचना छायाचित्रात स्पष्ट उमटते. मनोऱ्याच्या गच्चीवरून समुद्र आणि समोरचे रॉस बेट दिसते. विनायक दामोदर सावरकर येथे १९११ ते १९२१ या काळात बंदिवान होते. त्यांचे बंधू गणेश सावरकर यांनीही येथेच शिक्षा भोगली. त्यामुळे मराठी प्रवाशांची पावले आधी सावरकरांच्या कोठडीकडे वळतात. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून ही वास्तू देशाला अर्पण झाली. त्यामुळे कोठड्या आणि फाशीघर येथे छायाचित्र घेताना स्मारकाची मर्यादा पाळणे उचित ठरते.

समोरचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप १८५८ पासून १९४१ पर्यंत ब्रिटिश प्रशासनाचे मुख्यालय होते. १९४१ चा भूकंप आणि त्यानंतरचे जपानी आक्रमण यांमुळे ते ओस पडले. चर्च, बेकरी आणि अधिकाऱ्यांची निवासस्थाने यांच्या भिंतींना आता वडाच्या जातीच्या वृक्षांच्या मुळांनी विळखा घातला आहे. ब्रिटिशांनी आणलेल्या चितळांचे वंशज या अवशेषांत निर्धास्त फिरतात. दाट सावलीमुळे येथे ढगाळ सकाळचा मंद प्रकाश अधिक उपयोगी पडतो.

जवळचा माउंट मणिपूर, पूर्वीचा माउंट हॅरिएट, ३८३ मीटर उंच आहे. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर हद्दपार केलेल्या मणिपुरी राजवंशीयांच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये त्याचे नामांतर झाले. जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीमागील माडांची दाटी आणि दीपगृह हे दृश्य याच डोंगराच्या वाटेवरून दिसते. २०१९ मध्ये आलेल्या नव्या वीसच्या नोटेवर त्याची जागा वेरूळच्या लेण्यांनी घेतली.

सूर्यास्तासाठी दक्षिण अंदमानच्या टोकाचा चिडिया टापू प्रसिद्ध आहे. सिप्पीघाट परिसरात २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानंतर जमीन खचून पाण्याखाली गेलेली शेती दिसते. पर्यटकाला सुंदर वाटणारे ते विस्तीर्ण पाणी अनेक कुटुंबांची बुडालेली शिवारे आहेत.

स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप

स्वराज द्वीपावरील राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम किनारा ठरविले; २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. पश्चिमाभिमुख असल्याने तो सूर्यास्ताचा, तर पूर्वेकडील कालापत्थर किनारा सूर्योदयाचा. एलिफंट किनाऱ्यावर उन्मळून पडलेले महावृक्ष आणि उथळ पाण्यातील प्रवाळ एकाच फेरीत पाहता येतात.

शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरजवळ प्रवाळजन्य खडकात लाटांनी कोरलेली नैसर्गिक कमान आहे. पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या या बेटावर तिला ‘हावडा ब्रिज’ असेच नाव पडले. ओहोटीतच तेथे पोहोचता येते. त्या वेळी खडकांच्या डबक्यांत लहान मासे, खेकडे आणि समुद्रकाकड्या दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही मोठी असते, हे कोकणातील वाचकांना ठाऊक आहे. मात्र ओहोटीची वेळ ठिकाणागणिक बदलते आणि दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे स्थानिक वेळापत्रक पाहूनच निघावे. डबक्यांत वाकून पाहताना प्रवाळावर पाय पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

प्रवाळ आणि कासवे

वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८३ मध्ये झाली. त्यातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे ऋतूनुसार आळीपाळीने खुली होतात, जेणेकरून प्रवाळांना विसावा मिळावा. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला येथे मनाई आहे. पाणी तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अशा दुर्बळ प्रवाळाला पोहणाऱ्याच्या पायाचा धक्काही पुरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्रवाळ संरक्षित असल्याने त्याचा तुकडा सोबत नेणे हा गुन्हा आहे.

उत्तरेस दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही जोडबेटे ओहोटीत वाळूच्या पट्टीने जोडली जातात. (हे रॉस राजधानीसमोरील रॉसहून वेगळे.) जवळच्या कालीपूर किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. फ्लॅशच्या झोताने मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. म्हणून रात्री तेथे प्रकाश वर्ज्य.

जेथे कॅमेरा बंद

बाराटांग येथील खारफुटीची खाडी, चुनखडीची गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यास निघालेली वाहने अंदमान ट्रंक रोडने जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातात. जिरकाटांगच्या नाक्यापासून ती ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, जारवांना खाद्यपदार्थ देणे आणि त्यांचे छायाचित्र वा चित्रफीत घेणे यांस बंदी आहे. जानेवारी २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचविल्याची चित्रफीत उजेडात आणली आणि देशभर संताप उसळला. त्याच वर्षी १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमात सुधारणा होऊन शिक्षा कठोर झाल्या.

या निर्बंधांमागे अनुभव आहे. बाहेरच्यांशी संपर्क वाढताच आलेल्या रोगांमुळे, एकेकाळी हजारोंच्या संख्येने असलेले ग्रेट अंदमानी आता पन्नासच्या आसपास उरले. जारवांमध्येही १९९९ मध्ये गोवराची साथ पसरली होती. उत्तर सेंटिनल बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जाण्यास बंदी आहे, तिचेही कारण हेच.

संरक्षणदलांच्या आस्थापनांजवळ छायाचित्रणास मनाई असून ड्रोन उडविण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. समुद्र शांत असल्याने नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ प्रवासास अनुकूल मानला जातो. वादळी हवेत बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानापूर्वीचा एक दिवस राजधानीत राखून ठेवावा.